विम उघडताच एरर येत असतील तर विमआरसी अशी दुरुस्त करा

टर्मिनलवर विम हा टेक्स्ट एडिटर सुरू करावा, तर फाईल दिसायच्या आधीच लाल अक्षरांत पाच-सात ओळी येतात आणि खाली एंटर दाबायला सांगितलेले असते. आपण एंटर दाबतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कित्येक जण महिनोन् महिने असा एंटर दाबत राहतात. मग कधीतरी वैतागून सगळी विमआरसी, म्हणजे विमची सेटिंगची फाईल, पुसतात आणि इंटरनेटवरून दुसऱ्या कोणाची तरी आणून ठेवतात. जुने एरर जातात, त्यांच्या जागी नवे येतात, कारण ती विमआरसी दुसऱ्याच्या मशीनसाठी आणि दुसऱ्याच्या प्लगइनसाठी (विमला जोडलेल्या जादा सोयींसाठी) लिहिलेली असते.

सगळे पुसायची गरज जवळजवळ कधीच नसते. विम सुरू होताना जो एरर दाखवतो त्यात फाईलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि एररचा क्रमांक अशा तिन्ही गोष्टी असतात. त्यातला पहिला एरर वाचायचा, तेवढाच दुरुस्त करायचा आणि विम पुन्हा उघडून बघायचा. बाकीचे बहुतेक एरर त्या पहिल्याच्या मागून आलेले असतात. (खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या मूळ रोमन अक्षरांत करायच्या.)

पहिली ओळ नीट वाचा

नव्या मशीनवर जुनी विमआरसी कॉपी केली की हमखास दिसणारे हे चित्र पाहा:

एरर डिटेक्टेड व्हाइल प्रोसेसिंग ~/.विमआरसी:
लाइन १४:
ई११७: अननोन फंक्शन: प्लग#बिगिन
लाइन १५:
ई४९२: नॉट ॲन एडिटर कमांड: प्लग '...'
लाइन १६:
ई४९२: नॉट ॲन एडिटर कमांड: प्लग '...'
लाइन १९:
ई११७: अननोन फंक्शन: प्लग#एंड
लाइन २२:
ई१८५: कॅनॉट फाइंड कलर स्कीम '...'

पाच एरर दिसतात, पण बिघाड एकच आहे. 'प्लग#बिगिन' हे विमचे स्वतःचे फंक्शन नाही, ते विम-प्लग या प्लगइन मॅनेजरचे, म्हणजे प्लगइन बसवणाऱ्या साधनाचे आहे. फंक्शनच्या नावात # असला की विम आपल्या रनटाइमपाथमधल्या (तो फाइली ज्या फोल्डरांत शोधतो त्यांच्या यादीतल्या) 'ऑटोलोड' फोल्डरात त्या नावाची फाईल शोधतो. इथे त्याला 'प्लग.विम' हवी होती. आपण विमआरसी आणली, पण होम फोल्डरमधले '.विम' हे फोल्डर मागेच राहिले, म्हणून फाईल सापडली नाही आणि १४व्या ओळीवर ई११७ आला. 'प्लग' ही कमांड 'बिगिन' चालल्यावरच तयार होते. ती तयार झालीच नाही, म्हणून पुढच्या प्रत्येक 'प्लग' ओळीला ई४९२ आला. रंगसंगतीसुद्धा एका प्लगइनमधूनच यायची होती, तीही मिळाली नाही. 'प्लग.विम' ही एक फाईल '.विम/ऑटोलोड' मध्ये ठेवा, विम उघडून ':प्लगइन्स्टॉल' चालवा, म्हणजे पाचही एरर जातील. इथे २२वी ओळ धरून रंगसंगतीशी झटापट करणाऱ्याचा सगळा वेळ वाया जातो.

रंगसंगतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सगळे प्लगइन बसवलेले असूनही फक्त ई१८५ येत असेल, तर 'कलरस्कीम' ही ओळ कुठे आहे ते पाहा. विम-प्लग प्लगइनची फोल्डरे रनटाइमपाथमध्ये 'प्लग#एंड' या ओळीला जोडतो. 'कलरस्कीम' तिच्या वर लिहिली असेल तर विमला ती सापडणार नाही. ओळ खाली नेली की काम झाले.

एंटर दाबून एरर निघून गेले असतील तरी हरकत नाही. ':मेसेजेस' लिहिले की ते पुन्हा दिसतात. मग विमआरसी थेट त्या ओळीवर उघडा:

विम --क्लीन +१४ ~/.विमआरसी

'--क्लीन' मुळे तुमची विमआरसी आणि प्लगइन न वाचता विम सुरू होतो, त्यामुळे दुरुस्ती करताना तेच एरर पुन्हा मध्ये येत नाहीत. विम ८.१ आणि त्यापुढे ही सोय नक्की आहे.

ओळीचा क्रमांक दोन ठिकाणी चकवतो. 'एंडइफ' लिहायचा राहून गेला तर ई१७१ येतो, पण तो फाईलच्या शेवटच्या ओळीवर, कारण फाईल संपेपर्यंत विम त्या 'एंडइफ'ची वाट पाहत असतो. चूक बरीच वर असते, म्हणून वरून खाली प्रत्येक 'इफ'ची जोडी लावत या. दुसरे ठिकाण म्हणजे फंक्शनमधला एरर. त्यात 'फंक्शन <एसएनआर>१२_...' असे काहीतरी आणि पुढे 'लाइन ३' दिसते. ही ३ म्हणजे त्या फंक्शनच्या आतली तिसरी ओळ, फाईलमधली नव्हे. आणि १२ हा त्या स्क्रिप्टचा क्रमांक असतो. ':स्क्रिप्टनेम्स' लिहिले की विमने वाचलेल्या सगळ्या फाइलींची क्रमवार यादी येते, त्यातली बारावी फाईल तुमची.

दुरुस्त केले तरी एरर जात नाही

अशी तक्रार आली की सर्वांत आधी विचारावे, तुम्ही बदललेली फाईल आणि विम वाचतो ती फाईल एकच आहे का? होम फोल्डरमध्ये '.विमआरसी' असेल तर विम '.विम' फोल्डरातली 'विमआरसी' वाचतच नाही. दोन्ही असतील आणि तुम्ही दुसरीत बदल करत असाल, तर कितीही बदल केले तरी फरक पडणार नाही. विंडोजवर नाव बहुधा '_विमआरसी' असते. ':व्हर्जन' या कमांडच्या उत्तरात विम कुठल्या जागा कोणत्या क्रमाने तपासतो ते दिलेले असते, आणि ':एको $मायविमआरसी' लिहिले की प्रत्यक्ष वाचलेल्या फाईलचा पत्ता मिळतो. हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो आणि पुढचा बराच वेळ वाचतो.

एखादे सेटिंग तुम्ही लिहिले तसे लागतच नसेल, तर ':व्हर्बोज सेट टॅबस्टॉप?' असे विचारा. ते मूल्य शेवटी कोणत्या फाईलने ठरवले ते विम सांगतो, नव्या आवृत्त्यांत ओळीच्या क्रमांकासह. बहुतेक वेळा एखाद्या भाषेच्या फाइलटाइप प्लगइनने ते बदललेले निघते.

एरर विमआरसीतून येतो की प्लगइनमधून, हे कळत नसेल तर विम '-यू एनओआरसी' (यू लहान, एनओआरसी मोठ्या अक्षरांत) देऊन उघडा. यात विमआरसी वगळली जाते, पण प्लगइन वाचले जातात. '-यू एनओएनई' मध्ये दोन्ही वगळले जातात. पहिल्यात एरर आला आणि दुसऱ्यात नाही, तर दोष प्लगइनचा. मात्र विम-प्लगने बसवलेले प्लगइन स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात असतात आणि विमआरसी चालल्याशिवाय वाचलेच जात नाहीत. त्यामुळे 'एनओआरसी' मध्ये एरर गेला म्हणून त्या प्लगइनला निर्दोष समजू नका. त्यांच्यासाठी विमआरसीतली एकेक 'प्लग' ओळ बंद करूनच बघावे लागते.

विमआरसी फार मोठी असेल तर 'फिनिश' कामाला येतो. फाईलच्या साधारण मध्यावर, कुठल्याही 'इफ' किंवा फंक्शनच्या बाहेर, एका ओळीवर फक्त 'फिनिश' लिहा. विम तिथे वाचणे थांबवतो. एरर गेला तर दोष खालच्या अर्ध्यात, राहिला तर वरच्या. मग 'फिनिश' त्या अर्ध्याच्या मध्यावर न्या. ५०० ओळींची फाईल असली तरी नऊ वेळा हलवल्यावर एका ओळीपर्यंत पोचता. एरर न देता विम नुसताच विचित्र वागत असेल, तेव्हा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

याच कामासाठी काही जण चाचणीची छोटी विमआरसी करतात आणि '-यू' पुढे तिचे नाव देतात. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. '-यू' ने स्वतःची फाईल दिली की विम त्याच्या पूर्वीच्या व्हीआय या जुन्या एडिटरशी सुसंगत अशा 'कंपॅटिबल' अवस्थेत सुरू होतो. त्या अवस्थेत ओळीच्या सुरुवातीला '\' देऊन मागची ओळ पुढे चालू ठेवता येत नाही. मग चांगल्या विमआरसीतही ई१० हा एरर येतो, '\' नंतर '/', '?' किंवा '&' हवे म्हणून. सोबत '-एन' (मोठा एन) द्या, तो एरर येणार नाही.

न दिसणाऱ्या चुका

ओळ डोळ्यांना अगदी बरोबर दिसते आणि तरीही विम ई४९२ देतो, तेव्हा संशय अक्षरांवर घ्यावा. वेबपेजवरून कॉपी केलेल्या ओळींत सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार अवतरणचिन्हे येतात. विमआरसीत कॉमेंट सरळ दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होते. ते वळणदार झाले की विम ती कॉमेंट कमांड समजून चालवायला जातो. तशीच न तुटणारी मोकळी जागा. ती साध्या जागेसारखीच दिसते, पण विमच्या लेखी ते वेगळे अक्षर आहे. कर्सर त्या जागेवर ठेवा आणि नॉर्मल मोडमध्ये (एस्केप दाबल्यावर) 'जीए' दाबा. खाली अक्षराचा क्रमांक येतो. साधी जागा असेल तर ३२, न तुटणारी असेल तर १६०. ती खोडून स्पेसबारने पुन्हा टाइप करा.

विंडोजवर तयार झालेली विमआरसी लिनक्स किंवा मॅकवर नेली की प्रत्येक एररच्या शेवटी '^एम' दिसतो, अगदी रिकाम्या ओळींवरही. विंडोजमध्ये ओळ संपवायला दोन अक्षरे वापरतात, लिनक्समध्ये एक. ते जास्तीचे अक्षर म्हणजे हा '^एम'. गंमत अशी, की हीच फाईल विममध्ये उघडली तर '^एम' कुठेच दिसत नाही, कारण विम ती डॉस पद्धतीची फाईल म्हणून ओळखतो आणि ते अक्षर लपवतो. ':सेट फाइलफॉर्मॅट=युनिक्स' लिहून फाईल सेव्ह करा. काही ओळींना '^एम' आहे आणि काहींना नाही अशी सरमिसळ असेल, तर आधी ':ई ++एफएफ=डॉस' ने फाईल पुन्हा उघडा आणि मग तेच करा.

हा एरर पुन्हा पुन्हा येत असेल, तर विमआरसी गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवलेली आहे का ते बघा. विंडोजवरचा गिट त्याच्या सेटिंगनुसार फाईल घेताना ओळींचे शेवट बदलतो. रिपॉझिटरीतल्या '.गिटॲट्रिब्यूट्स' फाईलमध्ये विमआरसीसाठी 'टेक्स्ट ईओएल=एलएफ' लिहून ठेवले की हे कायमचे थांबते.

जागेवरून होणारी आणखी एक चूक नवशिक्यांत फार दिसते. 'सेट टॅबस्टॉप = ४' असे लिहिले की ई५२१ येतो, बरोबरच्या चिन्हानंतर आकडा हवा म्हणून. आकडा तर समोर दिसतोय! पण विममध्ये बरोबरच्या चिन्हाआधी जागा चालते, नंतर चालत नाही. चिन्हानंतर जागा आली की मूल्य संपले असे तो धरतो. 'सेट टॅबस्टॉप=४' असे सलग लिहा.

एरर तुमचा नसतो तेव्हा

एकच ठरावीक फाईल उघडताना एरर येतो आणि त्यात 'मोडलाइन्स' हा शब्द असतो, तेव्हा चूक विमआरसीत शोधू नका. विम प्रत्येक फाईलच्या पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच ओळींत स्वतःसाठी सूचना शोधतो. 'विम:', 'व्हीआय:' किंवा 'ईएक्स:' असे काही दिसले की पुढचा मजकूर तो सेटिंग म्हणून वाचतो. कोणी 'उदाहरणार्थ' या अर्थी 'ईएक्स:' लिहून पुढे वाक्य लिहिले असेल, तर ते वाक्यच सेटिंग समजले जाते आणि ई५१८ येतो. तो शब्द बदला, नाहीतर विमआरसीत 'सेट नोमोडलाइन' लिहा. अनोळखी फाइली बऱ्याच उघडत असाल तर दुसरा उपाय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरा.

सर्व्हरवर लॉगिन केल्यावर विमआरसीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला ई३१९ आला, तर तिथे पूर्ण विम नाही. डेबियन आणि उबुंटूवर अनेकदा 'विम-टायनी' हीच छोटी आवृत्ती असते. तिच्यात स्क्रिप्ट चालवण्याची सोयच नसते. ':व्हर्जन' मध्ये '-ईव्हॅल' दिसले की खात्री पटते. तिथे पूर्ण 'विम' पॅकेज टाकता येत असेल तर उत्तम. परवानगी नसेल तर एक जुनी युक्ती आहे. विमआरसीतला स्क्रिप्टचा भाग 'इफ १' आणि 'एंडइफ' यांच्यामध्ये ठेवा. पूर्ण विममध्ये ती अट नेहमी खरी असते. टायनी 'इफ'ची अट तपासतच नाही, तो 'एंडइफ'पर्यंतचे सगळे न वाचता सोडून देतो. एकच विमआरसी दोन्हीकडे चालते.

विम बंद करताना ई१३७ येऊन 'विमइन्फो' (विम आपल्या जुन्या कमांड वगैरे लक्षात ठेवतो ती) फाईल लिहिता येत नाही असे म्हणत असेल, तर कधीतरी 'सुडो विम' चालवलेला असतो आणि ती फाईल रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या) मालकीची झालेली असते. 'चोन' वापरून मालकी परत आपल्या नावावर करा. पुढे सिस्टिमच्या फाइली बदलायला 'सुडोएडिट' वापरा, म्हणजे एडिटर तुमच्याच खात्यावर चालतो आणि हा प्रश्न पुन्हा उभा राहत नाही.

पायथन मागणारे प्लगइन हे वेगळे दुखणे. मशीनवर पायथन आहे एवढे पुरत नाही, विम तयार करताना त्यात पायथनची सोय घातलेली असावी लागते. ':एको हॅज('पायथन३')' चे उत्तर शून्य आले तर ती सोय नाही, किंवा आहे पण लायब्ररी सापडत नाही. विंडोजवर विम ६४ बिटचा आणि पायथन ३२ बिटचा असला तरी हेच होते. दोन्ही एकाच जातीचे हवेत.

पुन्हा येऊ नये म्हणून

एकच विमआरसी अनेक मशीनवर वापरत असाल, तर तिने आधी विचारावे आणि मग करावे. 'सेट टर्मगुइकलर्स' सरळ लिहिण्याऐवजी आधी 'इफ एक्झिस्ट्स('+टर्मगुइकलर्स')' अशी अट घाला. जुन्या विमला तो पर्याय माहीत नसेल तर तो ती ओळ गाळेल, ई५१८ देणार नाही. 'कलरस्कीम' ही ओळ 'ट्राय' आणि 'कॅच' मध्ये ठेवा आणि 'कॅच' मध्ये विमसोबतच येणारी 'डेझर्ट' लावा. नुसते 'सायलेंट!' लावूनही एरर दिसेनासा होतो, पण ते मी फक्त रंगसंगतीपुरतेच वापरीन. इतर ठिकाणी ते लावले की दोष राहतो आणि तो सांगणारा संदेश तेवढा जातो.

प्लगइनचे साधे फंक्शन विमआरसीतून थेट बोलावू नका. विम आधी विमआरसी वाचतो आणि प्लगइन त्यानंतर, त्यामुळे त्या क्षणी ते फंक्शन अस्तित्वातच नसते. नावात # असलेली चालतात, कारण ती मागितल्यावर शोधली जातात. बाकीच्यांसाठी '.विम/आफ्टर/प्लगइन' मध्ये छोटी फाईल करा. तिथल्या फाइली प्लगइननंतर वाचल्या जातात.

निओविम (विमपासून निघालेला वेगळा एडिटर) वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. विमआरसीत एका ओळीला एरर आला तरी विम पुढच्या ओळी वाचत राहतो. निओविमच्या 'इनिट.लुआ' या सेटिंगच्या फाईलमध्ये तसे नाही. पहिल्या एररला फाईलचे वाचन तिथेच थांबते आणि खालचे काहीच लागू होत नाही. म्हणून वरच्या बाजूला एखादे 'रिक्वायर' फसले की सगळे की-मॅपिंग गेल्यासारखे वाटते. नसण्याची शक्यता असलेल्या मॉड्यूलसाठी 'पीकॉल(रिक्वायर, ...)' लिहा आणि ते मिळाले का ते तपासून पुढे जा. एकाच फोल्डरात 'इनिट.लुआ' आणि 'इनिट.विम' दोन्ही राहिले तर ई५४२२ येतो, त्यातली एक दुसरीकडे हलवा. ':चेकहेल्थ' निओविमची स्वतःची तपासणी करून देते, प्लगइनच्या तक्रारींसाठी ती आधी वाचावी.

एवढे करूनही अडलात आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर ':व्हर्जन' च्या वरच्या काही ओळी, पहिला एरर जसाच्या तसा, विमआरसीतली ती ओळ आणि तिच्या आजूबाजूच्या चार-पाच ओळी, आणि '--क्लीन' ने उघडल्यावर काय होते, एवढे सोबत द्या. स्क्रीनचा फोटो देऊ नका, अक्षरे कॉपी करून द्या. वळणदार अवतरणचिन्ह किंवा '^एम' अशा वेळीच दुसऱ्याच्या नजरेला पडतो.